क्वालिटी विभागाचा इंटरव्ह्यू : डिप्लोमा मेकॅनिकलच्या फ्रेशर्ससाठी

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, शिरोली... एमआयडीसी कुठलीही असो, ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी ट्रेनीचा इंटरव्ह्यू साधारण एकाच वळणाने जातो. स्वतःची ओळख करून देणं दोन मिनिटांत उरकतं. मग क्वालिटीचे साहेब ड्रॉवरमधून एखादा टर्न केलेला जॉब (लेथवर कातलेला पार्ट) काढतात, शेजारी व्हर्निअर (बारीक माप घ्यायची सरकपट्टी) ठेवतात आणि म्हणतात, "ओडी (बाहेरचा व्यास) किती आहे, सांग." बहुतेकांची निवड तिथेच होते किंवा तिथेच हुकते. म्हणून तयारीचा निम्म्याहून जास्त वेळ मोजमाप आणि ड्रॉइंगला द्या. थिअरीची गाइडं घोकून जॉबला हात न लावता गेलेला मुलगा पाचव्या मिनिटाला ओळखू येतो.

व्हर्निअर हातात आला की लगेच रीडिंग घ्यायला धावू नका. आधी जॉब आणि दोन्ही जॉ (पकडीचे जबडे) पुसा, जॉ मिटवून शून्य जुळतं का ते बघा आणि तसं तोंडाने सांगा. समोरचा नेमकं हेच बघत असतो. नेहमीच्या मेट्रिक व्हर्निअरमध्ये मुख्य पट्टीवरचे ४९ मिमी व्हर्निअरवर ५० भागांत वाटलेले असतात, म्हणून लीस्ट काउंट (वाचता येणारं सर्वांत लहान माप) ०.०२ मिमी. व्हर्निअरचा शून्य २४च्या पुढे गेला असेल आणि १७वी रेघ जुळत असेल, तर १७ गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४, माप २४.३४ मिमी. उत्तर २४.३५ आलं, तर साहेब हसून "परत बघ" म्हणतील, कारण ०.०२ लीस्ट काउंटच्या व्हर्निअरवर शेवटचा आकडा विषम येऊच शकत नाही. डिजिटल व्हर्निअरची सवय झालेले इथे हमखास अडकतात. कॉलेजच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये साधा व्हर्निअर मागून घ्या आणि दोन-तीन दिवस रोज वेगवेगळे जॉब मोजा.

मायक्रोमीटरची चूक वेगळी. स्लीव्हवर (स्थिर नळीवर) ७ची रेघ दिसते, तिच्यापुढची अर्ध्या मिलिमीटरची रेघही उघडी झालेली असते आणि थिंबलवर (फिरत्या नळीवर) २८ असतं. माप ७.७८ मिमी. अर्धी रेघ नजरेतून सुटली की तेच ७.२८ होतं. बरोबर ०.५०चा फरक पडला, तर चूक कुठे झाली हे विचारायची गरज नाही. शेवटची पकड नेहमी रॅचेटनेच (ठरावीक दाबाला घसरणाऱ्या टोकाच्या मुठीनेच) घ्या. थिंबल हाताने आवळलं की दाब माणसागणिक बदलतो आणि त्याबरोबर मापही.

यानंतरचा प्रश्न बहुधा असा असतो : "या बोअरला २५ एच७ टॉलरन्स आहे. व्हर्निअरने तपासशील का?" बोअर म्हणजे जॉबमधलं गोल होल, टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक. २५ एच७ म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमी, एकूण २१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). व्हर्निअरचा लीस्ट काउंटच २० मायक्रॉन, म्हणजे सगळा टॉलरन्स एका रेघेत संपला. मोजण्याचं साधन टॉलरन्सच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारं असावं, हा शॉपफ्लोअरवरचा नियम सांगा आणि बोअर गेजचं नाव घ्या. बोअर गेज थेट माप देत नाही, तो तुलना करतो. आधी सेटिंग रिंगवर किंवा मायक्रोमीटरवर शून्य करायचा, मग बोअरमध्ये पुढे-मागे झुलवून काटा जिथून उलटा फिरतो तिथलं सर्वांत लहान रीडिंग घ्यायचं. रोज शेकडो जॉब निघत असतील तर प्लग गेज (दोन टोकांचा दांडा : गो टोक होलमध्ये गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये). त्याची गो बाजू २५.००० तपासते, म्हणजे होलचं किमान माप, आणि नो-गो २५.०२१. गो म्हणजे मोठं माप, असं पाठ केलेले खूप असतात. ते शाफ्टच्या स्नॅप गेजला लागू आहे, होलला नाही. इथूनच रीवर्क आणि रिजेक्शनचा प्रश्न निघतो : होल लहान राहिलं तर पुन्हा काढता येतं, मोठं झालं की जॉब स्क्रॅप, शाफ्टचं बरोबर उलट.

ड्रॉइंग पुढे आलं की नजर आधी टायटल ब्लॉकवर जाऊ द्या. पार्ट नंबर, रिव्हिजन (ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती), मटेरियल, प्रोजेक्शनचं (व्ह्यू मांडायच्या पद्धतीचं) चिन्ह. आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो. अमेरिकन ग्राहकाच्या ड्रॉइंगवर थर्ड अँगल असतो, आणि चिन्ह न बघता व्ह्यू वाचला की उजवं-डावं बदलतं. रिव्हिजनचं महत्त्व विचारतात, कारण जुन्या रिव्हिजनच्या ड्रॉइंगवर तपासलेला लॉट परत येणं ही काल्पनिक गोष्ट नाही. एखाद्या मापाला टॉलरन्स लिहिलेला नसेल तर "टॉलरन्स नाही" असं म्हणू नका. खाली 'आयएसओ २७६८-एम' (सर्वसाधारण टॉलरन्सचं मानक) लिहिलं असेल तर ४० मिमीच्या मापाला ±०.३ धरायचं. २५ एच७ बोअरमध्ये २५ जी६ शाफ्ट बसवला तर क्लिअरन्स (दोघांमधली मोकळी जागा) किती, हे तोंडी सोडवून जा. जी६ म्हणजे उणे ७ ते उणे २० मायक्रॉन, म्हणून किमान क्लिअरन्स ७ आणि कमाल ४१.

आकडेमोडीचे दोन प्रश्न जवळजवळ ठरलेले. पहिला पीपीएमचा (दहा लाखांत किती रिजेक्ट) : ८,००० जॉबमध्ये १२ रिजेक्ट, तर १२ भागिले ८,०००, गुणिले दहा लाख, उत्तर १,५००. दुसरा सीपी आणि सीपीकेमधल्या फरकाचा (सीपी टॉलरन्सच्या मानाने पसर किती ते सांगतो, सीपीके सरासरी किती सरकली तेही धरतो). व्याख्या सांगण्यापेक्षा कागद मागून उदाहरण मांडा. माप २०±०.०५, सरासरी २०.०२, सिग्मा (प्रमाण विचलन) ०.०१. सीपी म्हणजे एकूण टॉलरन्स ०.१० भागिले सहा सिग्मा ०.०६, साधारण १.६७. सीपीके काढताना जवळची मर्यादा धरायची : २०.०५ वजा २०.०२, म्हणजे ०.०३, भागिले तीन सिग्मा ०.०३, उत्तर १.००. प्रोसेसची पसर चांगली आहे, पण ती एका बाजूला सरकली आहे, म्हणजे टूल ऑफसेट (मशीनमधली टूलच्या जागेची नोंद) बघायला हवा. हे शेवटचं वाक्य बोलणारा उमेदवार फार कमी वेळा भेटतो.

सेव्हन क्यूसी टूल्सची (क्वालिटीच्या सात साधनांची) नावं सगळ्यांनाच येतात. विचारतात ते हे, की पॅरेटो (दोषांचा मोठ्यापासून लहानापर्यंतचा तक्ता) आणि फिशबोन (कारणांची माशाच्या काट्यासारखी आकृती) यांत आधी काय वापरशील. आधी पॅरेटो. ब्लोहोल, डेंट, बर, अंडरसाइज यांतला सर्वांत मोठा दोष आधी हाती लागू दे, मग त्या एकट्याचा फिशबोन. फाइव्ह व्हायमध्ये (पुन्हा पुन्हा 'का?' विचारत मूळ कारणापर्यंत जाण्यात) "ऑपरेटरचं दुर्लक्ष" इथे थांबलात तर उत्तर अर्धवट धरतात. दुर्लक्ष झालं तरी चुकीचा जॉब पुढे जाणार नाही अशी सोय जॉब पकडणाऱ्या फिक्स्चरमध्ये का नव्हती, इथपर्यंत जा.

मग एक प्रसंग टाकतात : माल न्यायला गाडी येऊन उभी आहे, प्रोडक्शनचा सुपरवायझर म्हणतोय पास कर, माप मात्र दोन शतांश मिलिमीटर टॉलरन्सबाहेर आहे. "मी त्यांना समजावीन" हे उत्तर हवेतलं आहे. लॉट होल्ड करायचा, लाल टॅग लावून वेगळा ठेवायचा, आपल्या सीनिअरला लगेच कळवायचं. ग्राहकाची लेखी डेव्हिएशन मंजुरी (मापात सूट) आल्याशिवाय लॉट हलत नाही, आणि ती मागायचा अधिकार ट्रेनीचा नसतो. ग्राहकाकडून तक्रार आली तर पहिलं काम कारण शोधणं नाही, माल अडवणं आहे : ग्राहकाकडचा, वाटेतला, आपल्या स्टोअरमधला आणि लाइनवरचा.

रिझ्युमे एक पान पुरे. पण त्यातल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येईल असं धरून चाला. फायनल इयरचा प्रोजेक्ट रेडिमेड आणलेला असेल तर तो लपत नाही. "शाफ्टला ईएन८ का घेतलं?" एवढं विचारलं की गटातले चौघे एकमेकांकडे बघतात. ईएन८ मीडियम कार्बन स्टील आहे, सुमारे ०.४ टक्के कार्बन, मशिनिंग बरं होतं, हार्डनिंग घेतं, सहज मिळतं. निदान एवढं तरी सांगता आलं पाहिजे. गटात तुम्ही स्वतः काय केलंत ते एका वाक्यात तयार ठेवा. केटी लागली असेल (विषय राहिला असेल) किंवा वायडी झाला असेल (वर्ष गेलं असेल) तर सरळ सांगा; गुणपत्रिका समोरच असते. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. ओळखीची पाच-सहा वाक्यं इंग्रजीत बसवा आणि पुढे "सर, मराठीत सांगितलं तर चालेल का?" असं विचारा. शॉपफ्लोअरवर बोलणं मराठी-हिंदीतच होतं, त्यामुळे बहुतेक ठिकाणी चालतं.

चाकणला जायचं असेल तर मोशीपासून तळेगाव चौकापर्यंतचं ट्रॅफिक धरून तासभर आधी निघा. गेटवर मूळ आधार कार्ड लागतं आणि पास बनायला वेळ जातो. चप्पल किंवा सँडल घालून जाऊ नका. शॉपफ्लोअर दाखवायचं ठरलं तर सिक्युरिटी आत सोडत नाही. सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिका, दहावीची गुणपत्रिका, पॅन, बँक पासबुकची झेरॉक्स आणि फोटो एका फाइलमध्ये ठेवा. मूळ कागद दाखवायचे आणि परत घ्यायचे, ठेवून यायचे नाहीत.

शेवटी "काही विचारायचं आहे का?" असं विचारतात तेव्हा "नो सर" म्हणून उठू नका. नेमणूक कंपनीच्या रोलवर आहे, अप्रेंटिस म्हणून आहे, की कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर, हे तिथेच विचारा. अप्रेंटिसला स्टायपेंड मिळतो आणि तो कायद्याने कंपनीचा कामगार धरला जात नाही. पगाराचा आकडा सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च) आहे की हातात येणारा, हेही विचारा. सीटीसीमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा असतो, ग्रॅच्युइटी असते, कधी बस आणि कॅन्टीनही त्यातच धरलेलं असतं. शिफ्ट किती, रात्रपाळी कधीपासून, बस कुठून सुटते, हे विचारण्यात कमीपणा नाही. मात्र "नाइट चालेल" म्हणून आत शिरून महिन्याभरात नकार दिला तर पुढच्या बॅचच्या मुलांची वाट अडते. आणि युनिफॉर्म, डिपॉझिट किंवा रजिस्ट्रेशनच्या नावाखाली कुणी आधी पैसे मागितले, तर ती नोकरी कंपनीची नाही, मधल्या माणसाची आहे. पैसे देऊ नका, आणि कंपनीच्या गेटवर जाऊन जागा खरंच निघाली आहे का, ते विचारा.