बेकायदा कचऱ्याच्या जागा: आधी कुठे जायचे, हे नकाशावरून ठरवताना

उपग्रहाच्या चित्रात कचरा दिसेल, ही अपेक्षा आधी सोडा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या मोफत चित्रांत सर्वांत बारीक ठिपका १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. एका ट्रकने ओतलेला ढीग त्यात हरवतो. दिसतो तो बदल: हिरवळ गेली, नवी वाट उमटली, भराव पसरला. म्हणून उपग्रहाला पत्ता विचारू नका, कुठे आधी जायचे ते विचारा.

क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातले रस्ते, नाले, बंद खाणी, वस्ती आणि जुन्या तक्रारींच्या जागा घ्या. सगळे थर यूटीएम प्रक्षेपणात, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत आणा. अक्षांश-रेखांशातच ठेवून १०० चा बफर (जागेभोवतीचा घेर) काढलात, तर तो १०० मीटरचा नव्हे, १०० अंशांचा होतो! मग १०० मीटरच्या चौकटींची जाळी टाका. टाकणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात: गाडी आत जावी आणि कुणी पाहू नये. ट्रक जाईल अशा रस्त्यालगतच्या, पण वस्तीपासून लांबच्या चौकटींना जास्त गुण द्या.

बदल शोधण्यासाठी एकाच ऋतूतली, लागोपाठच्या दोन वर्षांची चित्रे घ्या. सेंटिनेल-२ च्या पट्टा ८ (जवळचा अवरक्त प्रकाश) मधून पट्टा ४ (लाल प्रकाश) वजा करून त्या दोन्हींच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळीचा निर्देशांक मिळतो. सुरुवातीला ०.२ किंवा जास्त घट झालेले, किमान पाच सलग ठिपके धरा आणि मर्यादा आपल्या भागातल्या माहीत जागांवर तपासून बदला. कापणी झालेले शेतही असेच दिसते, पण ते पुन्हा हिरवे होते. त्यामुळे पुढच्या हंगामातही उघडीच राहिलेली जागा पाहा. ढग आणि त्यांच्या सावल्या आधी गाळा, नाहीतर यादीचा वरचा भाग सावल्यांनीच भरेल. उरलेल्या जागा जास्त बारकाव्याच्या जुन्या-नव्या चित्रांत डोळ्यांनी पाहा. बांधकाम, वीटभट्टी, चालू खाण तिथेच वगळता येते.

आगीची माहिती जपून वापरा. व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या, आग टिपणाऱ्या उपकरणाचा ठिपका सुमारे ३७५ मीटरचा. नकाशावरची खूण त्याचा मध्य दाखवते, जळणारा ढीग नव्हे. एकदाची नोंद सोडून द्या, त्याच परिसरात पुन्हा पुन्हा आली तर गुण द्या.

१० पैकी गुणांची सुरुवात अशी करता येते: टिकलेला बदल ४, रस्ता आणि आडोसा ३, जुनी तक्रार २, आग १. नाला किंवा विहीर जवळ असणे यात मिसळू नका. त्याने कचरा असण्याची शक्यता वाढत नाही, नुकसान वाढते. त्यासाठी वेगळा रकाना ठेवा आणि सारख्या गुणांच्या जागांत पाण्याजवळची आधी घ्या.

तक्रारी येतात त्या माणसे राहतात तिथून, त्यामुळे निर्जन भाग यादीत मागे पडतो. दहातली एक भेट चिठ्ठी टाकून निवडलेल्या चौकटीला द्या. रिकामी निघालेली जागाही तारीख, फोटो आणि कारणासह नोंदवा: ‘काही नाही’ एवढे पुरत नाही, ‘नांगरलेले शेत’ असे लिहा. साधारण ५० भेटींनंतर गुणांचे वाटप पुन्हा करताना हा कारणाचा रकानाच सर्वांत उपयोगी पडतो.