टेबलावरची भूक पडद्यावर आणताना

फासे, कॅरेक्टर शीट आणि चार-पाच माणसं, एवढ्या भांडवलावर ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ हा टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक व्हॅम्पायर होऊन खेळायचा भूमिका-खेळ १९९१ पासून खेळला जातोय. त्यावरून कथाप्रधान व्हिडिओ गेम करायचा म्हटलं की बरेच जण नियमांचं पुस्तक उघडून बसतात आणि एकेक नियम कोडमध्ये उतरवायला घेतात. माझं सांगणं असं, की पुस्तक मिटून ठेवा आणि आधी तुमच्या टेबलाच्या वह्या काढा.

मी न्यूयॉर्कसमोरच्या जर्सी सिटीत शनिवारी रात्री टेबल चालवते, खेळाची पाचवी आवृत्ती. आमची कथा हडसन नदीच्या याच काठावर, जर्नल स्क्वेअरच्या आसपास घडते. त्याच कथेवरून मी इंक (निवडींवर चालणाऱ्या कथा लिहायची भाषा) वापरून एक मजकुरी गेम लिहिते आहे. खाली जे सांगते आहे ते एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून करायच्या गेमसाठी आहे. मोठ्या स्टुडिओचं गणित वेगळं असतं.

वह्यांमधून काय घ्यायचं

कथानक घेऊ नका. टेबलावर रंगलेलं कथानक कागदावर फिकं दिसतं, कारण त्यातली निम्मी मजा माणसांच्या आवाजात असते. वहीत प्लेअरने विचारलेले प्रश्न शोधा आणि त्यांच्याखाली रेघ मारा. टेबलावर स्टोरीटेलर, म्हणजे खेळ चालवणारा, कुठल्याही प्रश्नाचं उत्तर जागच्या जागी देतो. व्हिडिओ गेममध्ये तो माणूसच नसतो, म्हणून लोकांना काय विचारावंसं वाटतं हे आधीच माहीत असावं लागतं. ती माहिती तुमच्या वह्यांत फुकट पडलेली असते.

आमच्या टेबलावर एकाचं पात्र व्हेंट्रू या व्हॅम्पायर कुळातलं आहे. या कुळाच्या प्रत्येकाला एकाच प्रकारच्या माणसांचं रक्त चालतं, दुसरं प्यायचं तर इच्छाशक्ती (पात्राकडचे मोजके गुण) खर्चावी लागते. आमच्या व्हेंट्रूला रात्रपाळीहून परतणारे लोक लागतात. पहाटे तीनला जर्नल स्क्वेअरच्या पाथ स्टेशनवर (न्यूयॉर्कला जाणारी ही लोकल रात्रभर चालू असते) बाकावर एक माणूस डुलक्या घेत बसला होता. शिकार अगदी समोर, प्लॅटफॉर्म रिकामा. आणि प्लेअरने विचारलं, “त्याच्या मांडीवर डबा आहे ना? त्यात काही उरलंय का?” मी म्हटलं, हो, अर्धा भात आणि घडी घातलेला पेपर नॅपकिन, त्यावर पेनाने काढलेलं एक वाकडंतिकडं फूल. मग बराच वेळ कुणी फासे उचलले नाहीत.

हा प्रश्न कुठल्याही नियमात नाही. पण गेममध्ये तो निवडीच्या यादीत यायलाच हवा: “डब्यात डोकावून बघ.” असे प्रश्न जितके सापडतील तितके जमवा. तुमच्या गेमचा खरा साठा तोच.

भूक कुठे घालायची

पाचव्या आवृत्तीत भूक शून्य ते पाच अशी मोजतात. व्हॅम्पायर जागा झाला की, शक्ती वापरली की, एक फासा टाकायचा. सहा किंवा वर आलं तर सुटलात, नाहीतर भूक एकाने वाढली. दहा बाजूंचा फासा, म्हणजे बरोबर निम्मी शक्यता. प्यायल्याने भूक उतरते, पण माणूस जीवे मारल्याशिवाय ती शून्यावर येत नाही. तो शेवटचा एक आकडा कायम टोचत राहतो. माझ्या मते या आवृत्तीतली ही सर्वांत चांगली कल्पना आहे.

बहुतेक जण ती स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल पट्टी म्हणून लावतात. पट्टी दिसली की खेळणारा हिशेब करायला लागतो: आता तीन आहे, अजून दोन वापरता येतील. हिशेब करणाऱ्याला भूक लागत नाही. म्हणून भूक निवेदनात घाला. प्रत्येक महत्त्वाच्या दृश्याचं वर्णन भुकेच्या पातळीप्रमाणे बदला, आणि त्याबरोबर निवडीही.

तेच स्टेशन घ्या. भूक एक किंवा दोन असताना मजकूर असा: “बाकावर एक माणूस डुलक्या घेतोय. निळा युनिफॉर्म, छातीवर नावाची पट्टी, मांडीवर स्टीलचा डबा. बूट काढून शेजारी नीट ठेवलेत.” निवडी पाच: नाव वाच, डब्यात डोकाव, उठवून गाडीची वेळ विचार, पी, निघून जा.

भूक तीन: “बाकावर एक माणूस झोपलाय. दमलेला. मान एका बाजूला कललेली. मांडीवर काहीतरी आहे.” निवडी तीन. नावाची पट्टी गेली. डबा “काहीतरी” झाला.

भूक चार: “बाकावर ऊब आहे. कॉलरच्या वर, कानाखाली, दर सेकंदाला एकदा काहीतरी हलतंय.” निवडी दोन: पी, किंवा पळ काढ. पळ काढायला इच्छाशक्ती खर्चावी लागते.

खेळणाऱ्याला कुठेही आकडा दाखवलेला नाही. पण ज्याने हे दृश्य आधी पोटभर असताना पाहिलंय त्याला लगेच कळतं की डबा होता, आता दिसत नाही. त्यासाठी एखादं ठिकाण कथेत पुन्हा पुन्हा यायला हवं, निदान तीनदा. जागा थोड्या ठेवा आणि त्याच जागी परत परत आणा. यात लिहिण्याचं कामही आटोक्यात राहतं, आणि कथाप्रधान गेममध्ये लोक थकून हात टेकतात ते इथेच. हिशेब करून बघा: प्रत्येक दृश्यात तीन निवडी आणि त्यांच्या पूर्ण वेगळ्या वाटा ठेवल्या तर पाचव्या दृश्याअखेर २४३ शेवट लिहावे लागतील. वाटा फुटू द्या, पण दोन-तीन दृश्यांनी पुन्हा एकत्र आणा. काय घडलं ते व्हेरिएबल, म्हणजे गेमने ठेवलेल्या नोंदी, लक्षात ठेवतील.

फासे ठेवायचे की नाही

थोडे ठेवा. टेबलावर फासा हरला तरी हसू येतं, सगळे मिळून पुढचं रचतात. स्क्रीनवर हरलेला माणूस जुनी सेव्ह, म्हणजे आधी साठवलेला खेळ, उघडतो. याच जगावरच्या २००४ च्या ‘ब्लडलाइन्स’ या व्हिडिओ गेमने संवादात फासे ठेवलेच नाहीत: तेवढी पात्रता असेल तर वाक्य दिसतं, नसेल तर दिसत नाही. २०२२ च्या ‘स्वानसाँग’ या गेममध्येही फासे नाहीत. तिथे कौशल्य वापरलं की इच्छाशक्ती खर्ची पडते आणि रक्ताची शक्ती वापरली की भूक वाढते. दोन्ही रस्ते चांगले आहेत.

मी एकच फासा ठेवलाय, भूक वाढण्याचा. तो डोळ्यांसमोर पडतो आणि त्याचा निकाल दृश्य सुरू होतानाच ठरलेला असतो, त्यामुळे सेव्ह उघडून पुन्हा टाकला तरी आकडा तोच. बाकी सगळीकडे पात्रतेची अट.

पण पाचव्या आवृत्तीतली एक गोष्ट टाकून देऊ नका. भुकेच्या लाल फाशावर (भूक जितकी, तितके फासे लाल) दहा येऊन, दोन दहांच्या जोडीने जिंकलात, तर काम होतं पण ते आतल्या श्वापदाच्या पद्धतीने होतं. दार उघडायचं होतं, दार बिजागरीसकट हातात आलं. हरलात आणि लाल फाशावर एक असेल तर श्वापद मोकळं सुटतं. साधा विजय, साधी हार आणि हे दोन, असे चार प्रकारचे निकाल प्रत्येक ठिकाणी लिहायला गेलात तर आयुष्य पुरणार नाही. कथेतले चार-पाच कळीचे प्रसंग निवडा आणि तिथेच चारही लिहा. फासा नसला तरी चालतं: भूक चारच्या वर असताना पात्रतेची अट पुरी झाली, की ‘जिंकला पण विध्वंस करून’ हा निकाल द्या.

रात्र, गुपित आणि उपकार

न्यूयॉर्कच्या बाजूला डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि सव्वासातच्या आसपास उगवतो. जूनअखेरीस मावळतो साडेआठला आणि साडेपाचच्या आत उजाडतं. म्हणजे हिवाळ्याची रात्र पावणेपंधरा तासांची, उन्हाळ्याची जेमतेम नऊ. माझी कथा डिसेंबरात सुरू होऊन जूनमध्ये संपते. प्रत्येक ठिकाणी जायला ठरावीक वेळ लागतो, कामं तेवढीच राहतात, रात्र आकसत जाते. अवघडपणा वाढवायला वेगळं काही करावं लागत नाही. तुमची कथा ज्या शहरात आहे तिथल्या सूर्योदयाचं कोष्टक आधी काढा. विषुववृत्ताजवळचं शहर असेल तर ही युक्ती लागू पडणार नाही.

मास्करेड म्हणजे माणसांना आपलं अस्तित्व कळू न देण्याचा कायदा. ‘ब्लडलाइन्स’मध्ये पाचदा मोडला की खेळ संपतो. छोट्या गेममध्ये आकड्यापेक्षा साक्षीदार ठेवा: कुणी पाहिलं, त्याचं नाव काय, तो आता कुठे आहे. तीन साक्षीदार पुरतात. त्यांतला एक पुढे चांगल्या वेळी समोर आला, तर निवड आपोआप कठीण होते.

उपकारांचा हिशेब मात्र मनापासून लिहा. कॅमरिला, म्हणजे हा कायदा पाळायला लावणारी व्हॅम्पायरांची संघटना; तिच्या दरबारात पैशापेक्षा उपकार मोठा. क्षुल्लक, लहान, मोठा आणि जिवाचा अशा त्याच्या पायऱ्या आहेत, आणि तो फेडायला नकार देणं म्हणजे तोंड काळं करणं. गेमसाठी हे सोन्यासारखं आहे, कारण उपकार म्हणजे गावभर लक्षात राहिलेलं व्हेरिएबल. पहिल्या प्रकरणात कुणाकडून पासवर्ड घेतला, तो चौथ्यात दारात उभा राहतो. प्रत्येक उपकार कुठे फेडून घेतला जाणार हे तो देतानाच लिहून ठेवा. न फेडलेले उपकार कथेत लटकत राहिले तर खेळणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं.

बाकीची मंडळी

टेबलावर चार नायक असतात, गेममध्ये बहुधा एक. एकच कूळ निवडा. ‘ब्लडलाइन्स’मध्ये माल्केव्हियन कुळाच्या नायकाचे संवाद गेमभर वेगळे लिहिलेत आणि नोस्फेराटू कुळाचा नायक उघड्यावर दिसला तरी कायदा मोडतो, म्हणून त्याला गटारांतून फिरावं लागतं. ते दोन्ही अप्रतिम आहे, आणि दोघा-तिघांच्या आवाक्याबाहेरचं. उरलेले तीन नायक एनपीसी, म्हणजे गेमच चालवतो अशी पात्रं, होतील. त्याआधी ज्याचं पात्र त्याला विचारा, लिहिलेलं वाचायला द्या. वर्षानुवर्षं जपलेलं पात्र आहे ते. आमच्यातल्या एकीने तिच्या गँग्रेल कुळाच्या पात्राच्या तोंडी मी घातलेली निम्मी वाक्यं खोडली, आणि तिची वाक्यं माझ्यापेक्षा सरस होती.

पहिल्या सेशनआधी आपण ठरवतो की काय दाखवायचं नाही आणि काय पडद्याआड ठेवायचं. गेममध्ये समोरचा माणूस अनोळखी असतो आणि थांबा म्हणायला टेबल नसतं. रक्त पिणं म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर त्याच्या मर्जीविरुद्ध केलेली जबरदस्ती. सुरुवातीलाच स्पष्ट सूचना द्या आणि अशा दृश्यांची त्रोटक आवृत्ती निवडायची सोय ठेवा. हे काम शेवटी करायचं म्हणून ढकलू नका.

मराठीत लिहिणार असाल तर

लिहाच. पण आधी एक ओळ टाइप करून बघा: “दुसऱ्या रात्री क्षितिजावर रक्त.” बऱ्याच गेम इंजिनांत जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, आणि ‘ऱ्या’ तर हमखास फुटतो. ट्वाइन (निवडींच्या कथा रचायचं साधन) मध्ये केलेला किंवा वेबसाठी काढलेला इंकचा गेम ब्राउझरमध्ये चालतो आणि ब्राउझर देवनागरी नीट मांडतो, म्हणून सुरुवातीला तोच मार्ग धरा. दुसरी अडचण क्रियापदांची. “तू दार उघडलंस” चालून जातं, पण “तू आत गेलास” म्हटलं की नायक पुरुष झाला. एकतर नायकाचं लिंग पक्कं करा, नाहीतर मी केलं तसं सगळं निवेदन ‘तुम्ही’त आणा. प्रत्येक क्रियापदाला व्हेरिएबल लावण्याच्या वाटेला जाऊ नका.

परवानगीचं थोडक्यात: रक्त पिणारा मृत माणूस कुणाच्या मालकीचा नाही. व्हेंट्रू, कॅमरिला, मास्करेड ही नावं आणि ते जग २०१५ पासून स्वीडनच्या पॅराडॉक्सच्या मालकीचं आहे. चाहत्यांसाठी त्यांच्या अटी आहेत, त्या तुम्ही सुरुवात कराल त्या दिवशी वाचा. विकायचा विचार असेल तर लेखी परवाना घ्या, नाहीतर स्वतःची कुळं, स्वतःचा कायदा रचा. भूक निवेदनात घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

पहिली तीन दृश्यं झाली की ज्याने हा खेळ कधी खेळलेला नाही अशा माणसाला बसवा आणि मागे गप्प उभे राहा. भूक चारवर असताना तो निवडी दोनदा वाचतो का, एवढंच बघा. वाचत नसेल तर पहिल्या भेटीतला डबा पुरेसा ठळक झालेला नाही. तिथे परत जा आणि डब्यात काय होतं ते अजून एका वाक्याने लिहा.