मशीनला नाव सापडत नाही तेव्हा

माल्डी-टॉफ, म्हणजे जंतूच्या प्रथिनांवरून त्याचं नाव सांगणारं मशीन. त्याचा स्कोअर १.७ च्या खाली आला, म्हणजे नाव सापडलं नाही, की नव्या सहकाऱ्यांचे डोळे चमकतात. नवी प्रजाती! मी आधी जंतू वाढवलेली प्लेट मागते.

रुग्णाच्या रक्तातून वाढवलेल्या (कल्चर) जंतूंपैकी एक मी तीन आठवडे नवा समजून बसले होते. एका सकाळी ब्लड अगरची (रक्त घातलेल्या खाद्याची) प्लेट उजेडात तिरकी धरली, तर पांढऱ्या कॉलन्यांना (जंतूंच्या ठिपक्यांना) चिकटून टाचणीच्या टोकाएवढ्या राखाडी कॉलन्या. जंतू दोन होते, आणि दोन्ही जुनेच. तेव्हापासून एकच सुटी कॉलनी उचलायची, सलग तीनदा स्ट्रीक करायची (नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरायची), दर वेळी ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), आणि प्लेट ४८ तासांआधी फेकायची नाही. शुद्ध झाला की ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा.

नावापायी रुग्णाचा रिपोर्ट अडवू नका. कोणती अँटिबायोटिक लागू पडतील ते डॉक्टरांना आधी कळवा. जंतू एकाच बाटलीत उगवला असेल तर तो रक्तातला नसून कातडीवरचाही असू शकतो, हेही सांगा.

मग जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात तो १६ एस जीन वाचा, पूर्ण, म्हणजे सुमारे १,५०० बेस (डीएनएची अक्षरं). तुलना टाइप स्ट्रेनशीच, म्हणजे प्रजातीचं नाव ज्या मूळ नमुन्याला जोडलेलं असतं त्याच्याशीच, करा. डेटाबेसमध्ये चुकीच्या नावाने चढवलेले सिक्वेन्स पुष्कळ असतात. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर नवेपणाची शक्यता दाट. वर असलं म्हणून जंतू जुनाच, असं मात्र नाही. न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा जंतू) आणि स्ट्रेप्टोकोकस मायटिस यांचा १६ एस ९९ टक्क्यांहून जास्त जुळतो, तरी प्रजाती वेगळ्या. खरा निकाल पूर्ण जीनोमवर लागतो: सगळ्या जवळच्या टाइप स्ट्रेनशी एएनआय (दोन जीनोममधल्या समान भागांचं सरासरी साम्य) ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीएनए संकरण (दोन जीनोम किती जुळतात याचा संगणकाने काढलेला अंदाज) ७० टक्क्यांच्या खाली हवं.

या टप्प्यावर फ्रीजरमधल्या ‘ओळख पटली नाही’ लिहिलेल्या जुन्या कुप्या जरूर काढा. वेगळ्या रुग्णाकडून आलेला दुसरा स्ट्रेन मिळाला तर वर्णनाला खरं वजन येतं. तापमान, क्षार, ऑक्सिजन, एन्झाइम या चाचण्या जवळच्या टाइप स्ट्रेनसोबत एकाच दिवशी, एकाच माध्यमावर करा.

नाव लॅटिन व्याकरणात बसणारं हवं. टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या दोन कल्चर कलेक्शनमध्ये (जंतू जतन करणाऱ्या संस्थांमध्ये) जमा करावा लागतो. दोन्हीकडून जमा झाल्याची प्रमाणपत्रं यायला वेळ लागतो, म्हणून कुप्या नव्या प्रजातीचा लेख लिहायला बसण्याआधीच रवाना करा.