ओमाहातले ‘सारखेच’ हात: या चुका टाळा

पॉट लिमिट ओमाहा, म्हणजे चार पत्त्यांच्या पोकरच्या टेबलवर नवखे बसले की एक वाक्य हमखास कानावर येतं: “दोन्ही हात सारखेच की!” नसतात हो. चार पत्त्यांच्या जोड्या होतात सहा, आणि शेवटी हातातले नेमके दोन आणि बोर्डवरचे (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्यांपैकी) तीनच धरायचे असतात. म्हणून राणी-गुलाम-दश्शी-नव्वी आणि राणी-गुलाम-दश्शी-तिर्री यांत फरक एका पत्त्याचा दिसला, तरी तो तीन जोड्यांचा असतो. तिर्री ज्या जोडीत आली ती जोडी जवळजवळ वाया. हात अर्धा, पैसे मात्र पूर्ण.

याहून फसवी चूक म्हणजे फट (क्रमातला गाळलेला पत्ता) कुठे आहे हे न बघणं. गुलाम-दश्शी-नव्वी-सत्ती आणि गुलाम-नव्वी-अठ्ठी-सत्ती. दोन्हींत फट एकच, पण पहिल्यात खाली, दुसऱ्यात वर. वर फट असली की स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) बऱ्याचदा खालच्या टोकाचा लागतो. गोव्यात माझ्या शेजारच्या पोराने हा दुसरा हात घेऊन रेज केलं, म्हणजे पैसे वाढवले. फ्लॉप (बोर्डचे पहिले तीन पत्ते) राणी-दश्शी-तिर्री, टर्नला (चौथा पत्ता) गुलाम, चारही पत्ते वेगवेगळ्या सूटचे (इस्पिक, बदाम वगैरे). नव्वी-अठ्ठीने राणीपर्यंतचा स्ट्रेट लागला आणि त्याने अख्खा स्टॅक (समोरचे सगळे पैसे) आत ढकलला. समोर एक्का-राजा, म्हणजे एक्क्यापर्यंतचा स्ट्रेट! त्याला वाचवणारा एकही पत्ता गड्डीत उरला नव्हता, तरी तो रात्रभर नशिबाला बोल लावत होता. नशिबाचा इथे काडीचा संबंध नाही.

एक्क्यांची जोडी दिसली की होल्डमवाले (दोन पत्त्यांचं पोकर खेळणारे) डोळे मिटून पैसे लावतात. एक्का-एक्का-राजा-राजा डबल सूटेड (दोन पत्ते एका सूटचे, दोन दुसऱ्या) असेल तर खुशाल लावा, त्याहून भारी हात नाही. पण एक्का-एक्का-सत्ती-दुर्री चार सूटची असेल, तर नव्वी-अठ्ठी-सत्ती-छक्की डबल सूटेडसमोर सामना जवळपास बरोबरीचा होतो.

चारही पत्ते इस्पिकचे? दोनच चालणार, बाकीचे दोन तुमचेच आउट्स (हात सुधारणारे पत्ते) खातात. हातात तीन राजे? सोडा.

हातांच्या क्रमवारीचे चार्ट पाठ करणं हा आळशी रस्ता आहे. त्याने क्रम कळतो, कारण कळत नाही. मी घरी दोन जवळचे हात उघडे मांडतो, फ्लॉप पाडत जातो आणि कुठल्या जोडीने काय केलं ते दर वेळी मोठ्याने म्हणतो. वेळ लागतो, लागू द्या. सुरुवात वरच्या, गुलामापासून सुरू होणाऱ्या दोन हातांनीच करा. सूटची रचना दोन्हींत सारखी ठेवा, म्हणजे फरक दिसेल तो फक्त फटीचा.