दाढेवरून जुनं हवामान कसं वाचायचं

संग्रहालयात जीवाश्म बघायला गेलात की भल्यामोठ्या कवटीपाशी रेंगाळू नका, आधी दाढ शोधा. मुलांना घेऊन जाते तेव्हा मी छोटी बॅटरी सोबत ठेवते. उजेड बाजूने, तिरपा पाडायचा. मग दाढेवरचे उंचवटे उठून दिसतात.

आता उंची बघा. बुटकी, गोलसर उंचवट्यांची दाढ बहुधा पाला नाहीतर फळं खाणाऱ्याची. घोड्याची दाढ बघा, खांबासारखी उंच! गवतात सिलिकाचे बारीक कण, वर धूळ, त्यामुळे चावून चावून दाढ झिजते. उंच असली तरच जन्मभर पुरते. म्हणजे दाढेवरून खाणं कळतं, आणि खाण्यावरून तिथे जंगल होतं की गवताळ रान.

हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिक टेकड्यांच्या खडकांत ही गोष्ट फार स्पष्ट वाचता येते. साधारण ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी तिथला पाऊस अधिक हंगामी झाला, जंगल मागे हटलं, गवत पसरलं. खाल्लेल्या गवताची खूण दाढेच्या इनॅमलमधल्या, म्हणजे वरच्या टणक थरातल्या, कार्बनमध्ये आजही मिळते. पानाफळांवर जगणाऱ्या कितीतरी जाती संपल्या. शिवापिथेकस हा वानरही तिथून नाहीसा झाला, आणि त्याची मला दरवेळी हळहळ वाटते.

एकाच दाढेवर विसंबू नका, त्याच थरातले सोबती बघा. पाणघोडा असेल तर जवळपास बारमाही पाणी होतं. आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातही त्याचे जीवाश्म सापडलेत.

नदीकाठी दाढ दिसलीच तर उपटू नका. थर सुटला की तिचा काळ सांगणं अवघड. आकार कळावा म्हणून शेजारी पेन ठेवून फोटो काढा, जागा लिहून घ्या आणि जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्र विभागाला कळवा.