मे महिन्यातही टिकेल असं ओव्हरक्लॉकिंग: आधीची तयारी

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, करायचं असेल तर प्रोसेसर घेण्याआधी एक साधा थर्मामीटर घ्या आणि ज्या खोलीत कॉम्प्युटर राहणार तिथे दुपारी तीन वाजता भिंतीला टांगून ठेवा. मी अकोल्यात राहतो. मेमध्ये बाहेर ४५ अंश ही आमच्याकडे बातमी नसते, आणि स्लॅबखालची खोली रात्रीही धड निवत नाही. व्हिडिओंमध्ये दिसणारे तापमानाचे आकडे बहुधा एसी चालू असलेल्या खोलीतले असतात. सीपीयू कूलर कितीही महागाचा घ्या, खोलीच्या तापमानाखाली तो जाऊ शकत नाही. तेवढीच वीज खाणारा प्रोसेसर खोली १५ अंशांनी तापली की जवळपास १५ अंशांनीच चढतो. म्हणून आधी हा आकडा, मग प्रोसेसर.

मी एएमडीचा रायझन ५ ९६००एक्स निवडला. सहा कोर, बारा थ्रेड, ५.४ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट (गरजेला प्रोसेसर स्वतःच गाठतो तो कमाल वेग) आणि मूळ सेटिंगवर जास्तीत जास्त ८८ वॉट. आमच्या उन्हाळ्यात मला हा शेवटचा आकडा सगळ्यात मोलाचा वाटतो. डब्यात कूलर येत नाही, तो खर्च आधीच धरा. मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा किंवा त्यावरचा घ्या, कारण ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही. इंटेलकडे जायचं असेल तर नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड, दोन्ही लागतात. तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतले जुने प्रोसेसर स्वस्तात मिळाले तरी जपून. जादा व्होल्टेजमुळे ते खराब होत होते, त्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचं अपडेट, आला. पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही.

सीलबंद डबा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या, डब्यावरच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे मनाशी पक्कं करूनच पुढे जा. माझ्या ९६००एक्सला नंतर बायोसमधून (बोर्डावरच्या मूळ प्रोग्राममधून) १०५ वॉटचा मोड मिळाला आणि तो मात्र वॉरंटीत बसतो. थंड खोली असेल तर तिथेच थांबायलाही हरकत नाही.

यूपीएसशिवाय कामाला हात घालू नका. २०२२-२३ च्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखण्यासाठी बायोस अपडेट लागतं, आणि त्या मधल्या मिनिटांत लाईट गेली तर बोर्डच हातचा जाऊ शकतो. फ्लॅशबॅकचं (पेन ड्राइव्हवरून थेट बायोस भरण्याचं) बटण असलेला बोर्ड असेल तर एफएटी३२ केलेला पेन ड्राइव्ह तयार ठेवा. एएम५ मध्ये, म्हणजे या रायझनच्या सॉकेटप्रकारात, पिना बोर्डावरच्या सॉकेटात असतात. प्रोसेसर बसवण्याआधी टॉर्च धरून त्यांचा जवळून फोटो घ्या. पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ मेमरीचं ट्रेनिंग (बोर्डाने मेमरीशी जुळवून घेणं) होईपर्यंत काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. घाबरून बटण दाबू नका. आणि वाळ्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येणार नाही अशी जागा शोधा, कारण त्या हवेत ओलावा असतो.

सेटिंगला हात लावण्याआधी एक वही करा. खोलीचं तापमान, सिनेबेंच या वेगचाचणीचा स्कोअर, एचडब्ल्यूइन्फो या मोजणीच्या प्रोग्राममध्ये दिसलेलं कमाल तापमान, सगळं मूळ स्थितीत नोंदवा. मग बायोसमध्ये एक्स्पो (मेमरीची तयार वेगवान सेटिंग) चालू करून मेमरीचा वेग ६००० वर आणा आणि मेमटेस्ट८६ ही मेमरीची चाचणी पूर्ण होऊ द्या. मेमरीची चूक पुढे प्रोसेसरच्या माथी मारली जाते, म्हणून ही पायरी सोडू नका.

१९९८ मध्ये इंटेलच्या सेलेरॉन ३००ए ची बस (प्रोसेसरला बोर्डाशी जोडणारा मार्ग) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चे थेट ४५० मेगाहर्ट्झ व्हायचे. आता ती शिल्लक कंपनीच बूस्टमध्ये वापरून टाकते. आपल्या हाती उरतं ते व्होल्टेज, आणि आमच्या हवेत ते वाढवण्यापेक्षा कमी करण्यातच फायदा आहे. बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (व्होल्टेज कमी-जास्त करण्याच्या सेटिंगमध्ये) सगळ्या कोरना उणे १० द्या. तेवढ्याच वॉटमध्ये घड्याळ (प्रोसेसरचा वेग) थोडं वर जातं. आठवडाभर वापरा, मग उणे १५, मग २०.

मी घाईने थेट उणे ३० दिलं होतं. सिनेबेंच दिवसभर सुरळीत चाललं, आणि रात्री नुसती पीडीएफ वाचताना कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला. कारण समजून घेण्यासारखं आहे: सगळे कोर राबतात तेव्हा घड्याळ खाली असतं, हलक्या कामात एखादाच कोर सर्वोच्च बूस्टला पोचतो आणि कमी केलेलं व्होल्टेज त्याला तिथे अपुरं पडतं. म्हणून कोरसायकलर या प्रोग्रामने एकेक कोर रात्रभर तपासा, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिआ’ची (WHEA, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची) नोंद आहे का पाहा आणि जो कोर अडखळेल त्याचाच आकडा पाच पायऱ्या मागे घ्या.

डिसेंबरात जमलेली जोडणी मेच्या दुपारी पुन्हा तपासा. सेटिंग ठरली की बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा; बायोस अपडेट झालं की साठवलेलं प्रोफाइल बऱ्याचदा पुसलं जातं.