विहिरीत डिझेल उतरलंय? मग या चुका टाळा

पाण्यावर रंगीत तवंग दिसला की गावात पहिलं कोणीतरी टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची पिशवी घेऊन येतं. अहो, टीसीएल जंतू मारायला असतं, डिझेलला त्यानं ढिम्म काही होत नाही, तुरटीचंही तेच. साबणाची पावडर तर अजिबात टाकू नका, तवंग दिसेनासा होतो म्हणून वाटतं साफ झालं, पण तेल बारीक थेंब होऊन पाण्यातच मिसळलेलं असतं आणि वरच्यावर काढता येणारं तेलही मग हाती लागत नाही.

सगळ्यात महागात पडतं ते रात्रंदिवस मोटर लावून विहीर उपसणं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते वर तरंगतं, पाणी जसं खाली जाईल तसं तेलही खाली उतरतं आणि तोवर स्वच्छ असलेल्या मुरमाला, कातळाच्या भेगांना चिकटत जातं. पावसाळ्यात पातळी वर आली की ते तिथंच पाण्याखाली अडकून पडतं, तवंग नाही, वास नाही, लोक खूश. मग एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला गेलं की परत तेच! म्हणून सप्टेंबरातल्या एका रिपोर्टवर विहीर चांगली झाली म्हणू नका, उन्हाळ्यात परत तपासा, आणि शेजारच्या विहिरी-बोअरही तपासा, कारण आपल्या काळ्या कातळात पाणी भेगांतून चालतं, उतार बघून अंदाज बांधला तर चुकू शकतो.

त्यापेक्षा आधी गळती बंद करा, तेल शोषणाऱ्या पॅडनी वरचा थर उचला आणि ते पॅड ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा. आत माणूस उतरवू नका, पेट्रोल असेल तर नकोच नको, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीचं निमित्त पुरतं.

मातीचं वेगळं. टेरी या दिल्लीच्या संशोधन संस्थेनं काढलेलं ऑइलझॅपर किंवा तसलं तेल खाणारं जिवाणू कल्चर टाकलं आणि विसरून गेलं, असं चालत नाही. जिवाणूंना हवा, ओल, नत्र, स्फुरद सगळं लागतं. ढोबळ हिशोब म्हणजे १०० भाग कार्बनला १० भाग नत्र नि १ भाग स्फुरद, म्हणून गोणीभर युरिया ओतू नका, जास्तीचं नायट्रेट त्याच विहिरीत उतरेल. माती मधूनमधून पाळी घालून हलवा, ओलसर ठेवा पण चिखल करू नका, चिखलात हवाच जात नाही. आणि खणलेली माती बांधावर उघडी टाकायची नाही, प्लास्टिक अंथरून वर झाका, नाहीतर पहिल्याच पावसात सगळं खाली.

पाणी उकळून पिणं हाही उपाय नाही, तेलातून पाण्यात विरघळलेलं बेंझीन हे विषारी रसायन तवंगाशिवायही असतं आणि उकळताना ती वाफ घरातच पसरते. नेहमीच्या पाणी तपासणीत हे येत नाही, लॅबला बीटेक्स (बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन, झायलीन) आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, म्हणजे पाण्यातलं एकूण तेल, असं स्पष्ट सांगा. सॅम्पल पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत नको, लॅबकडूनच काचेच्या बाटल्या मागवा, बीटेक्सची बाटली हवेचा बुडबुडा न राहता काठोकाठ भरा आणि बर्फात ठेवून न्या.